किल्ली कोणाकडे? एका जुन्या सोसायटीच्या हॉलचं प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका सहकारी गृहरचना संस्थेचं आहे. ओळख पटू नये म्हणून संस्थेचं नाव दिलेलं नाही आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. वस्त्यांमधल्या आणि सोसायट्यांमधल्या सामाईक जागांवर मी काम करते. त्या नात्याने या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं होतं.

पार्श्वभूमी

सोसायटी १९८०च्या दशकातली. तीन मजली सात इमारती, दीडशेच्या आसपास फ्लॅट, आणि लिफ्ट एकाही इमारतीला नाही. सुरुवातीला इथे राहायला आलेली बहुतेक मंडळी तिशी-पस्तिशीतली होती. कुणी बँकेत, कुणी टेलिफोन खात्यात, कुणी शाळेत शिकवणारं, कुणी कारखान्यात सुपरवायझर. आज ती सत्तरीच्या पुढे आहेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातली साधारण दहा माणसं साठीच्या पुढची होती. अशा जुन्या सोसायट्यांमध्ये हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे, हे जिना चढताना दर मजल्यावर कळतं. मुलं बंगळुरूला, परदेशात किंवा हिंजवडीकडच्या टॉवरमध्ये. रिकाम्या झालेल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आले: आयटीतली मुलं-मुली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, लहान मुलं असलेली तरुण कुटुंबं.

फाटकातून आत आलं की उजव्या हाताला हॉल. आधी ओटा, मग मोठी खोली, मागे एक अडगळीची खोली आणि संडास-बाथरूम. जोतं दीड फूट उंच, समोर तीन पायऱ्या. हॉलचा उपयोग ठरलेला: वार्षिक सभा, गणपतीचे दहा दिवस, आणि उरलेल्या वेळात बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण यांसाठी भाड्याने. बाहेरच्यांनाही मिळायचा. त्या भाड्यावर सोसायटीचा वॉचमनचा बराचसा पगार निघायचा, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाची ठरली.

हॉलची किल्ली खजिनदारांकडे असे. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. अतिशय सरळ माणूस. इतक्या वर्षांच्या हिशोबात एक रुपया इकडचा तिकडे नाही. किल्ली हवी तर आधी फोन, मग अर्ज, मग अनामत. कार्यक्रम नसेल त्या दिवशी हॉल बंद. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस बंद.

अडचण

कमिटीला जाणवत होती ती अडचण म्हणजे भांडणं. आधी चेंडूने एका गाडीची काच फुटली. 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' असा पत्र्याचा बोर्ड लागला. मुलं पार्किंगमध्ये खेळायला लागली, म्हणून तिथेही तसाच बोर्ड लागला. मग रात्रीचा कट्टा. फाटकाजवळ सिमेंटचे दोन बाक होते, त्यांवर कॉलेजातली पोरं रात्री अकरा-साडेअकरापर्यंत बसायची. तळमजल्यावरच्या कुटुंबांनी तक्रार केली, आणि ती रास्त होती. पहाटे उठून कामाला जाणाऱ्याला खिडकीखाली हसण्याखिदळण्याचा आवाज नको असतो. कमिटीने दोन्ही बाक उखडले.

पोरांचं त्याने काही अडलं नाही. ती आपापल्या दुचाक्यांवर बसू लागली. अडलं ते म्हाताऱ्या माणसांचं. भाजीची पिशवी घेऊन आलेली माणसं तिसऱ्या मजल्यावर चढण्याआधी त्या बाकावर दम खायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी रोज संध्याकाळी खाली येऊन तिथेच बसायच्या. बाक गेल्यावर त्या खाली येणंच बंद झाल्या. त्यांच्या सुनेने मला हे सांगितलं तेव्हा ती कमिटीतही होती, आणि बाक काढायच्या ठरावावर तिची सही होती. आपल्या घरातलाच बाक आपण काढतो आहोत, हे सही करताना तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या सहा महिन्यांत कमिटीकडे तीन पत्रं आली. ज्येष्ठांनी सह्या करून हॉल विरंगुळा केंद्र म्हणून मागितला. मुलांनी तिथे जिम करा म्हणून लिहिलं. भजनी मंडळाच्या बायकांनी लिहिलं की आमचा गुरुवार कुणाच्याही योजनेत जाता कामा नये. तिन्ही पत्रांत बाकीच्या दोघांबद्दल एक-एक कडवट वाक्य होतं. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, या तिघांपैकी कोणाला द्यायचा ते तुम्हीच सांगा, म्हणजे आमच्यावर खापर फुटणार नाही."

आधी पाहणी

पहिला निर्णयाचा क्षण इथे होता. कमिटीला लगेच मतदान घ्यायचं होतं. मी एक आठवडा थांबायला सांगितलं आणि एक वही ठेवायला सांगितली: सोसायटीच्या आवारात कोण, कुठे, किती वाजता थांबतं एवढंच लिहायचं. दहावीची परीक्षा झालेली एक मुलगी आणि दिवसपाळीचा वॉचमन यांनी हे काम केलं. वॉचमनचा उपयोग सगळ्यांत जास्त झाला. कोण कुठे बसतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि सहसा त्याला कुणी विचारत नाही.

वहीत पुढे आलेल्या गोष्टी सभेत कधीच आल्या नव्हत्या. सकाळी सातच्या सुमारास स्कूलबसची वाट पाहणाऱ्या आया आणि आजोबा फाटकाबाहेर रस्त्यावर उभे असतात, कारण आत टेकायला जागा नाही. दुपारी एक ते तीन आवार रिकामं वाटतं, पण डी इमारतीच्या जिन्याखाली घरकाम करणाऱ्या चार-पाच मावशी डबा खातात. त्यांतल्या दोघी साठीच्या पुढच्या आहेत. संध्याकाळी वॉचमनच्या केबिनच्या कठड्यावर पाच-सहा आजोबा उभ्यानेच गप्पा मारतात. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटे टेरेसवर जाऊन अभ्यास करतात, कारण एका खोलीत चौघं राहतात. आणि संबंध आठवड्यात एकाही लहान मुलाने मातीला हात लावलेला नव्हता, कारण सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक.

वहीतून मला एक गोष्ट स्पष्ट झाली. भांडण पिढ्यांचं दिसत होतं, पण या माणसांच्या वेळा एकमेकींवर फारशा येतच नव्हत्या. पहाट अभ्यासाची, सकाळ ज्येष्ठांची, दुपार मावशींची, संध्याकाळ लहान मुलांची, रात्र तरुणांची. सगळ्यांची गर्दी होत होती ती एकाच वेळी, साडेसहा ते साडेआठ, आणि एकाच जागी, फाटकाशी. त्याच वेळी पंधरा पावलांवर हॉल कुलपात होता.

समोर असलेले पर्याय

हॉल ज्येष्ठांना देऊन टाकणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत सन्माननीय दिसणारा पर्याय होता. पुण्यात महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघांची परंपरा आहे, त्यामुळे नमुना तयार होता. मी याच्या विरोधात होते, आणि का ते मी ज्येष्ठांनाच तोंडावर सांगितलं. फक्त म्हाताऱ्यांची म्हणून जागा झाली की सून तिथे बसत नाही, नातू आत येत नाही, आणि पाच-सात वर्षांत येणारे कमी होत जागा परत कुलपात जाते. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी हे सर्वांत आधी मान्य केलं. त्या म्हणाल्या, "घरात दिवसभर दोघंच म्हातारे असतो आम्ही. खाली येऊन पुन्हा म्हाताऱ्यांतच बसायचं?"

जिमचा खर्च मोठा होता आणि ती वापरणारी माणसं मोजकी. त्यातही बहुतेक मुलं पुढच्या पाच वर्षांत नोकरीसाठी बाहेर पडणार होती.

तिसरा पर्याय खजिनदारांचा: हॉल आहे तसा भाड्याने देत राहावा, आणि त्या पैशातून फाटकाजवळ चांगले बाक आणि छप्पर करावं. याला मी आजही कमी लेखत नाही. बाकांचा प्रश्न त्याने नक्की सुटला असता. पण पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने उघड्यावर बसता येत नाही, आणि संडास जवळ नसेल तर सत्तरीपुढचा माणूस अर्ध्या तासापेक्षा जास्त घराबाहेर थांबत नाही. हे दुसरं कारण सभेत बोलायला लोक लाजतात. मी ते मुद्दाम बोलले.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा. सोसायटी रिडेव्हलपमेंटच्या उंबरठ्यावर होती. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यासाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि ती गोळा करण्याच्या गोष्टी तेव्हा सुरू होत्या. "दोन-तीन वर्षांत सगळं पडणारच आहे, मग आता पैसे कशाला घालायचे?" हा प्रश्न दर सभेत आला. त्यावर उत्तर एका ऐंशीच्या आजोबांनी दिलं. "तुमची दोन-तीन वर्षं म्हणजे माझं सगळंच आहे हो," असं म्हणून ते खाली बसले. पुण्यात रिडेव्हलपमेंटची बोलणी दहा-दहा वर्षं चाललेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. तेवढ्या काळात एक मूल पहिलीतून दहावीत जातं.

ठरलं ते असं: हॉल कुणाचाच न करता सगळ्यांसाठी रोज उघडा ठेवायचा, वेळा वाटून घ्यायच्या, बाहेरच्यांना भाड्याने देणं महिन्यातल्या दोन शनिवार-रविवारांपुरतं ठेवायचं, आणि आधी एक महिना यावर एकही रुपया खर्च न करता करून बघायचं.

काय केलं

किल्लीपासून सुरुवात झाली. खजिनदारांना भीती होती चोरीची आणि मोडतोडीची, आणि ती निराधार नव्हती. जबाबदारी शेवटी त्यांच्या सहीवर होती. त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली असं वाटू नये याची काळजी घ्यावी लागली. मूळ किल्ली त्यांच्याकडेच राहिली. दुसरी वॉचमनच्या केबिनमध्ये, रजिस्टरसकट. सोसायटीत राहणारा कोणीही, सभासद असो की भाडेकरू, नाव, फ्लॅट आणि वेळ लिहून किल्ली घेऊ शकतो. शेवटी जो निघेल त्याने दिवे-पंखे बंद करून सही करायची. 'भाडेकरू' हा शब्द ठरावात घालण्यावर तब्बल तासभर वाद झाला. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, सभासद म्हणजे फ्लॅटचा मालक, मतही त्याचंच. पण आवारात दम खाणारा, मूल खेळवणारा, अभ्यासाला जागा शोधणारा माणूस अनेकदा भाडेकरू होता. शेवटी शब्द राहिला.

दुसरी पायरी अडगळीची खोली. तिथे गणपतीच्या मांडवाचं सामान होतं: बांबू, पत्रे, मखराचे सांगाडे, जुने फ्लेक्स. हे सामान म्हणजे उत्सव मंडळाच्या तरुणांची सोसायटीतली एकमेव हक्काची गोष्ट. कमिटीने नोटीस काढायचं ठरवलं होतं, ती मी थांबवायला सांगितली आणि मंडळाच्या अध्यक्षाला भेटले. सव्वीस वर्षांचा मुलगा. तो म्हणाला, "सामान हलवा असं सगळे सांगतात. पण हॉल आम्हाला कशाला हवाय हे एकाने तरी विचारलं का?" त्याला विचारलं तेव्हा कळलं की जिम ही त्यांची पहिली मागणी नव्हतीच. त्यांना रात्री जेवणानंतर तास-दीड तास बसायला जागा हवी होती, जिथे खिडकीतून कुणी ओरडणार नाही. जिम ही मागणी कमिटी गंभीरपणे घेईल म्हणून लिहिली होती. एका रविवारी त्या मुलांनी स्वतःच खोली रिकामी केली. निम्मं सामान भंगारात गेलं, उरलेलं पंपघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. रिकाम्या खोलीत दोन टेबलं आणि सहा खुर्च्या टाकून अभ्यासाची जागा झाली.

वेळा अशा बसल्या: सकाळी सात ते दहा वर्तमानपत्रं आणि चहा, दुपारी शांत वेळ, पाच ते सात लहान मुलं, सात ते नऊ टेबल टेनिस आणि कॅरम, नऊ ते दहा नुसतं बसणं. गुरुवारची संध्याकाळ भजनी मंडळाची, तिथे कुणी हात लावायचा नाही. रात्री दहाला बंद. ध्वनी प्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्र दहा ते सहा धरलेली आहे आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची, तेव्हा दहाची वेळ कुणाच्या मर्जीवर न ठेवता नियमावर ठेवता आली. तरुणांनी ती मान्य केली, कारण ती भजनी मंडळालाही तितकीच लागू होती.

महिनाभराने विशेष सभा झाली. रजिस्टर सभेपुढे ठेवलं. मोडतोड म्हणजे एक ट्यूबलाइट. त्या सभेत खर्चाचा ठराव आला. सिंकिंग फंडाला हात लावायचा का, हा प्रश्न लगेच निघाला आणि खजिनदारांनी तो ठामपणे नाकारला. तो निधी इमारतीच्या मोठ्या, बांधकामाशी निगडित दुरुस्तीसाठी असतो, आर्किटेक्टचं मत आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी घेऊन वापरायचा. त्यांचं बरोबर होतं. मेंटेनन्समध्ये सरसकट वाढ करायलाही पेन्शनवरच्या घरांचा विरोध होता. मग ऐच्छिक वर्गणी काढली, आणि काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं.

पहिल्या टप्प्यात उतार, संडास आणि बाक. हॉलच्या तीन पायऱ्या चढणं हीच अनेकांची अडचण होती. ठेकेदार सहा फुटांचा उतार करून देणार होता. "स्कूटर चढते की यावरून," असं म्हणाला. स्कूटरला इंजिन असतं. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा धरतात: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट, शिवाय वळणावर खुर्ची फिरवायला सपाट जागा. रुंदी चार फूट, आणि कठडा दोन उंचींवर, म्हणजे उभ्या माणसाला वरचा, खुर्चीतल्याला आणि लहान मुलाला खालचा. एवढी लांबी सरळ बसेना, म्हणून उतार काटकोनात वळवला. त्यात एक पार्किंग गेलं.

पुण्यातल्या सोसायटीत एक पार्किंग जाणं म्हणजे काय, हे राहणाऱ्यालाच कळेल. ती सभा सगळ्यांत लांबली. ज्यांचं पार्किंग जाणार होतं त्यांनी नकार दिला, आणि त्यांना दोष देता येत नाही. हक्क त्यांचा होता. तिढा सुटला तो एका काकूंमुळे. त्यांच्या मुलाची गाडी तो परदेशी गेल्यापासून कव्हर घालून उभी होती. त्यांनी ती विकायचं ठरवलं आणि आपली जागा अदलाबदलीत दिली. ही जागा कमिटीच्या यादीत वर्षानुवर्षं 'वापरात' म्हणून होती.

संडासात कमोड बसवला, शेजारी भिंतीत धरायला दांडा, दार बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं. बाक पाठीचे आणि हातांचे घेतले, कारण हातावर जोर दिल्याशिवाय दुखऱ्या गुडघ्यांना उठता येत नाही. दोन बाक ओट्यावर, दोन फाटकाच्या आत, पण तळमजल्याच्या खिडक्यांपासून दूर.

दुसऱ्या टप्प्यात ओट्यासमोरच्या एका चौकोनातले पेव्हर ब्लॉक काढून लाल माती टाकली. ही मागणी एका चौथीतल्या मुलाची होती. त्याला दिवाळीत किल्ला करायचा होता आणि आईने फुलांच्या दुकानातून आणलेल्या मातीच्या पिशव्या पुरत नव्हत्या.

काय घडलं

उद्घाटनाला 'पिढ्यांचा संवाद' असा कार्यक्रम ठेवला होता. आजी-आजोबांनी गोष्टी सांगायच्या, मुलांनी ऐकायच्या. तो पडला. मुलं दहा मिनिटांत उठून टेबल टेनिसकडे गेली, आणि माइक धरून बसलेल्या आजोबांना वाईट वाटलं. नंतरच्या काही महिन्यांत जे जुळलं ते कार्यक्रमाशिवाय जुळलं, आणि दर वेळी कुणाला तरी कुणाकडून काहीतरी खरंच हवं होतं म्हणून जुळलं.

नोव्हेंबरचं उदाहरण घ्या. सरकारी पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून केंद्र सरकारच्या 'जीवन प्रमाण' सेवेमुळे तो डिजिटल देता येतो, आणि २०२१च्या अखेरीपासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही. पण ॲप डाउनलोड करणं, आधार क्रमांक, ओटीपी, चांगल्या उजेडात डोळ्यांची उघडझाप, यांत अनेकांचं घोडं अडायचं. बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचं किंवा मुलगा येईपर्यंत थांबायचं. त्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या दोन मुली सकाळच्या वेळात ओट्यावर बसल्या आणि एकेकाचं करून दिलं. ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो हेही त्यांनीच शोधून सांगितलं. त्यातून ओळख झाली. त्यांतल्या एकीला मुलाखतीची तयारी करायची होती. निवृत्त तहसीलदार काका तिला रोज अर्धा तास प्रश्न विचारू लागले, आणि तिच्या उत्तरांवर भांडूही लागले. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे मुलींनी घोकून घेतलं. पुढे एका काकांना 'तुमचं पेन्शन बंद होणार' असा फोन आला, तेव्हा त्यांनी आधी ओट्यावर येऊन विचारलं.

दिवाळीतला किल्ला मी स्वतः पाहिला. तरुण आई-वडिलांपैकी निम्म्यांना किल्ला कसा करतात ते माहीत नव्हतं. त्यांच्या लहानपणी तो दुकानातून प्लास्टरचा आला होता. माहीत होतं ते आजोबांना, पण त्यांना खाली बसता येत नव्हतं. ते बाकावरून सूचना देत होते. आधी दगड-विटा रचा. त्यावर भिजवलेलं गोणपाट टाका. आता मातीचा रबडा करा, पातळ नको, हाताला चिकटला पाहिजे. गोणपाटाच्या सुरकुत्यांवर तो थापला की आपोआप कडे-कपारी दिसतात. मंडळाची मुलं विटा वाहत होती, तीच, रात्री दुचाक्यांवर बसणारी. हळीव पेरायचं दोन दिवस आधी की चार, यावर दोन आजोबांचं वाजलं. शेवटी अर्ध्या किल्ल्यावर आधी पेरलं, अर्ध्यावर नंतर. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आजी उतारावरून चालत येऊन बाकावर बसल्या होत्या आणि बुरूज कललाय म्हणून सांगत होत्या.

सगळंच असं झालं नाही. टेबल टेनिसचा टकटक आवाज शेजारच्या तळमजल्यावर जातो. रबरी मॅट घातली, खिडक्या बंद ठेवल्या, नऊच्या पुढे खेळू दिलं नाही, तरी तिथल्या ताईंची तक्रार आहेच, आणि ती खोटी नाही. भाड्याचं उत्पन्न निम्म्याच्या खाली आलं. वॉचमनच्या पगारातली तूट मेंटेनन्समधून भरावी लागते, आणि हा विषय दर वार्षिक सभेत निघतो. ज्येष्ठांमधल्या एका गटाने येणं सोडलं. त्यांना स्वतःचं केंद्र हवं होतं आणि ते मिळालं नाही असं ते आजही म्हणतात. कट्ट्यावरची काही पोरं दहानंतर फाटकाबाहेर रस्त्यावर बसतात.

सगळ्यांत अपुरं राहिलं ते मावशींचं. दुपारी शांत वेळात त्यांनी ओट्यावर बसून डबा खावा, पिण्याचं पाणी आणि संडास वापरावा, असा माझा आग्रह होता. कमिटीने तोंडी होकार दिला, ठरावात लिहायला नकार दिला. काही सभासदांचा संडासाला विरोध होता. त्यासाठी दिलेली कारणं मी इथे लिहीत नाही. ती अशा प्रत्येक सोसायटीत ऐकू येतात. आता तिघी-चौघी ओट्यावर बसतात, पण कुणी मोठ्याने बोललं की उठून पुन्हा जिन्याखाली जातात. साठीच्या बाईने दिवसात पाच घरची भांडी घासून जिन्याखाली बसावं आणि त्याच आवारात आपण 'सर्व पिढ्यांसाठी' असा बोर्ड लावावा, हे मला पटत नाही, आणि मी ते दर भेटीत सांगते.

वेगळं काय करता आलं असतं

पाहणीची वही भरली, पण ती भरणाऱ्यांनी पाहिलं ते आवारात. जे घराबाहेर पडतच नाहीत ते वहीत आलेच नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला सोडून पंधरा मिनिटंही खाली येता न येणाऱ्या दोन काकू नंतर कळल्या. सुरुवातीलाच घरोघर विचारलं असतं तर कुणीतरी वर बसण्याची पाळी लावता आली असती. आता ती लागली आहे, पण उशिरा.

एक महिना बिनखर्चाने करून बघणं हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय होता असं माझं मत आहे. त्यात एक उणीव राहिली: तो महिना फेब्रुवारीचा होता. हवा छान, सगळे बाहेर. जुलैत केला असता तर गळणारं छप्पर आणि ओल आधीच दिसली असती, आणि पहिल्या पावसात रंगकाम पुन्हा करावं लागलं नसतं.

भाड्याच्या उत्पन्नाचा हिशोब आधी मांडायला हवा होता. तूट येणार हे ठाऊक होतं, पण किती आणि कोण भरणार हे सभेपुढे आकड्यात आलं नाही. ठराव मंजूर होण्याची घाई होती. आज जे सभासद कुरकुरतात त्यांचा हॉलला विरोध नाही. आपल्याला विचारलं नाही याचा राग आहे.

टेबल टेनिसचं टेबल त्या भिंतीशी ठेवण्याआधी शेजारच्या ताईंच्या घरात बसून आवाज ऐकायला हवा होता. दहा मिनिटांचं काम होतं.

आणि मावशींचा मुद्दा किल्लीच्या ठरावातच घ्यायला हवा होता. 'भाडेकरू' शब्दासाठी तासभर भांडलेली सभा त्या दिवशी ऐकण्याच्या मनःस्थितीत होती. पुढे ढकललेला मुद्दा पुढेच राहिला.

आता रिडेव्हलपमेंटची बोलणी पुढे सरकली आहेत. विकासकांनी दाखवलेल्या पहिल्या आराखड्यांत क्लबहाउस सगळ्यांत वरच्या मजल्यावर होतं: जिम, काचेच्या भिंती, आत जायला कार्ड. सोसायटीने मागण्यांच्या यादीत बदल लिहून दिला आहे. सामाईक हॉल तळमजल्यावर, फाटकाजवळ, पायरीविना, बाहेरून वापरता येणारा संडास, ओटा, आणि पेव्हर ब्लॉक नसलेला मातीचा तुकडा. ही यादी करायला मंडळाचा अध्यक्ष आणि खजिनदार एकत्र बसले होते. यादीतली शेवटची ओळ घरकामाला येणाऱ्यांच्या विश्रांतीच्या जागेची आहे. तिच्यावर पुढच्या सभेत मतदान आहे, आणि तोपर्यंत मी घरोघर जाऊन बोलते आहे.